टाइप वन मधुमेहातील ‘हनिमून काळ’ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझ्या मुलाला चार महिन्यांपूर्वी टाइप वन मधुमेह झाल्याचे निदान झाले. त्याचे वजन २० किलो आहे. सुरुवातीला दिवसाला २० युनिट इन्सुलिन लागत असे, आता ७ युनिटमध्ये साखर आटोक्यात राहते आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ६.८ आहे. आजार बरा झाला का? इन्सुलिन बंद करून काढा सुरू करावा, असे नातेवाईक सुचवतात. (एक पालक, सांगली)

उत्तर : आजार बरा झालेला नाही आणि इन्सुलिन बंद करू नये. ज्याला डॉक्टर ‘हनिमून काळ’ म्हणतात, तो हा अंशतः शमनाचा, म्हणजे आजार तात्पुरता सौम्य होण्याचा काळ आहे. तो ओळखण्याचे गणित सोपे आहे : एचबीए१सीमध्ये दर किलो वजनामागे लागणाऱ्या दैनंदिन युनिटांची चौपट मिळवायची आणि बेरीज ९ किंवा त्याहून कमी आली, तर शमन आहे असे मानायचे. तुमच्या मुलाच्या बाबतीत ती ८.२ येते. या आजारात शरीराचीच रोगप्रतिकारक यंत्रणा स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींवर हल्ला करते; पण निदानाच्या वेळी त्या सगळ्याच मेलेल्या नसतात. काही केवळ दीर्घकाळ चढलेल्या साखरेमुळे निकामी झाल्यासारख्या असतात आणि बाहेरून इन्सुलिन मिळाले की पुन्हा कामाला लागतात. म्हणजे ज्या इन्सुलिनमुळे ही उसंत मिळाली, तेच थांबवण्याचा सल्ला तुम्हाला दिला जात आहे. तो मानल्यास किटोॲसिडोसिस, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचण्याची अवस्था, होऊन जिवावर बेतू शकते. मात्र साखर वारंवार उतरत असेल, तर डोस कमी करण्याबाबत डॉक्टरांशी बोलावे.

प्रश्न : या काळात रोगप्रतिकारक यंत्रणा हल्ला थांबवते का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : थांबवत नाही, पण तिचा जोर काही रुग्णांत ओसरलेला दिसतो. बीटा पेशींना प्रत्यक्ष मारण्यात सीडी८ प्रकारच्या टी पेशींचा मोठा वाटा असतो, तर नियामक टी पेशी त्यांना आवर घालतात. ज्यांच्यात मारक पेशी थकल्यासारख्या, मंदावलेल्या आढळतात, त्यांच्यात आजाराची गती संथ असते, असे निरीक्षण आहे. जीएडीसारखी प्रतिपिंडे (या हल्ल्याची रक्तात दिसणारी खूण) मात्र शमनातही रक्तात राहू शकतात, त्यामुळे केवळ त्यांच्या चाचणीवरून शमन ठरवता येत नाही. स्वतःचे इन्सुलिन किती तयार होते हे शरीरात इन्सुलिनसोबतच तयार होणाऱ्या सी-पेप्टाइडवरून कळते.

प्रतिकारयंत्रणेचा हात किती मोठा आहे, हे १९८०च्या दशकात फ्रान्समध्ये झालेल्या सायक्लोस्पोरिनच्या चाचण्यांनी दाखवले. प्रत्यारोपणात वापरले जाणारे हे औषध नव्या रुग्णांना दिल्यावर काहींना काही काळ इन्सुलिन लागेनासे झाले. पण तो परिणाम टिकाऊ ठरला नाही आणि मूत्रपिंडांना होणारा अपाय पाहता हा मार्ग सोडावा लागला. माझ्या मते या विषयातला सर्वांत बोलका पुरावा आजही हाच आहे.

प्रश्न : मग प्रतिकारशक्ती वाढवणारी औषधे द्यावीत का?

उत्तर : नाही. येथे प्रतिकारशक्ती दुबळी नसून तिचा नेम चुकलेला आहे. नेहमीच्या लसी मात्र टाळू नयेत.

प्रश्न : धाकट्या मुलीला हा आजार होऊ नये म्हणून काही करता येईल का? (एक आई, नाशिक)

उत्तर : कायमचा टाळणारा उपाय आज नाही, परंतु लांबवणारा आहे. टेप्लिझुमॅब हे औषध टी पेशींवरील सीडी३ या रेणूला चिकटून त्यांचा मारा सौम्य करते. दोन किंवा अधिक प्रकारची प्रतिपिंडे असलेल्या आणि साखर बिघडू लागलेल्या, पण लक्षणे नसलेल्या नातेवाइकांना १४ दिवस ते शिरेतून दिल्यावर आजार सुमारे दोन वर्षे पुढे गेल्याचे २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले, आणि २०२२मध्ये अमेरिकेत ८ वर्षांवरील अशा व्यक्तींसाठी त्याला मान्यता मिळाली. नुकतेच निदान झालेल्या मुलांत त्याने सी-पेप्टाइड अधिक टिकवले, तरी एचबीए१सीमध्ये ठळक फरक पडला नाही.

मुलीची प्रतिपिंड चाचणी करायची की नाही, हे मधुमेहतज्ज्ञांशी बोलून ठरवा. एकाहून अधिक प्रतिपिंडे आढळलेल्या मुलांपैकी सुमारे ७० टक्के मुलांना दहा वर्षांत मधुमेह होतो, हे आधीच माहीत असलेले बरे. चाचणी केली नाही तरी तिला वारंवार लघवी, न भागणारी तहान किंवा वजनात घट दिसल्यास त्याच दिवशी रक्तातील साखर तपासून घ्या.