मे महिन्यातली फुलं ऑक्टोबरच्या कात्रीत जातात

प्रश्न : ताई, तीन वर्षांपूर्वी आम्ही एडिसनला (न्यू जर्सी) जुनं घर घेतलं. मागे कुंपणाच्या कडेला लायलॅकचं १०-१२ फुटी झुडूप आहे, आधीच्या मालकीणबाईंच्या सासूबाईंनी लावलेलं. पहिल्या मे महिन्यात इतकं फुललं की किचनची खिडकी उघडली की घरभर वास. नंतरची दोन वर्षं मात्र नुसती पानं. लॉनवाला दर ऑक्टोबरला नीट गोल ट्रिम करून जातो, लॉनबरोबर त्यालाही खत मिळतं, म्हणजे काळजी तर घेतोय. काढून दुसरं काही लावू का?

उत्तर : काढू नका हो, प्लीज! झाड अगदी ठणठणीत असणार, चुकतंय ते कापायचं टायमिंग. आपल्याकडे गुलाबाची छाटणी ऑक्टोबरात करतात आणि मग नव्या फुटीवर फुलं येतात, ते डोक्यात असतं आपल्या, पण लायलॅकचं तसं नाही. याची मे महिन्यातली फुलं आदल्या उन्हाळ्यातच फांदीच्या टोकाला तयार होऊन बसतात आणि अख्खी थंडी तिथेच काढतात, म्हणजे ऑक्टोबरात मशीन फिरवलं की पुढच्या वर्षीचा सगळा बहर कचऱ्याच्या पिशवीत. पहिल्या वर्षी फुललं कारण त्याआधीच्या ऑक्टोबरात तुमचा लॉनवाला आलेलाच नव्हता.

आत्ता मार्च आहे, तर एक काम करा. बाहेर जा, खाली किंवा आतल्या बाजूला जिथे मशीन पोचलं नसेल तिथली एखादी फांदी हातात घ्या. टोकाला जोडीनं दोन डोळे, म्हणजे न उमललेले कोंब, दिसतील. चांगले टपोरे, फुगीर असले तर ते बहुतेक फुलांचे, बारीक टोकदार असले तर पानांचे. एक टपोरा डोळा नखानं सोलून बघा (एक घोस गेला तर जाऊ दे), आत इवलासा हिरवा घड सापडेल, द्राक्षाचा घड नुकता बाहेर पडतो ना तसा. तो एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितला की तुम्ही परत ऑक्टोबरात कुणाला कात्री लावू देणार नाही.

कापायचंच असेल तर फुलं सुकली की लगेच, फार तर जूनच्या मध्यापर्यंत. आणि गोल गोल ट्रिम नको. जुनी, मनगटाएवढी जाड खोडं असतील त्यातली एक तृतीयांश जमिनीलगत कापायची, उरलेल्यातली पुढच्या वर्षी, राहिलेली तिसऱ्या वर्षी. बुडाशी धुमारे येतात त्यातले चार-पाच दणकट ठेवा, बाकीचे काढा. नव्या धुमाऱ्यांना फुलायला दोन-तीन वर्षं लागतात, म्हणून तर एकदम सगळं कापायचं नाही.

खताचं म्हणाल तर लॉनच्या खतात नायट्रोजन भरपूर, त्यानं पानंच माजतात, झुडपाच्या आसपास ते टाकू नका असं लॉनवाल्याला स्पष्ट सांगा. दिवसाला सहा तास तरी ऊन हवं. शेजाऱ्यांचा मेपल वाढून सावली आली असेल तर तेही बघा. तुमच्या भागातली माती बऱ्याचदा आम्लधर्मी असते आणि याला पीएच (मातीची आम्लता मोजायचं माप) ६.५ ते ७ च्या आसपास आवडतो, पण म्हणून अंदाजानं चुना ओतू नका, रटगर्स युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये माती तपासून मिळते.

सासूबाईंनी लावलेलं म्हणालात म्हणून आठवलं. या फुलांच्या जुन्या डबल पाकळ्यांच्या जातींमधल्या कितीतरी फ्रान्समधल्या नान्सी गावच्या व्हिक्टर लमुआन यांच्या नर्सरीतल्या. त्यांची नजर अधू झालेली, मग त्यांची बायको मारी-लुईज शिडीवर चढून एकेका बारीक फुलाचं परागीकरण हातानं करायची! मे महिन्यात जमलं तर न्यू यॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या हायलँड पार्कला जाऊन या, तिथे हजारावर लायलॅक आहेत, नुसतं त्या वासातून चालत राहावंसं वाटतं.

प्रश्न : लेकीकडे बॉस्टनला लायलॅक बघितला. पुण्यात लावायला रोप घेऊन येऊ का?

उत्तर : नका आणू. एक तर परमिट आणि क्वारंटाइनच्या कागदांशिवाय रोप आणता येत नाही, आणि दुसरं म्हणजे याला दर हिवाळ्यात कडाक्याची थंडी लागतेच, त्याशिवाय डोळे जागे होत नाहीत. पुण्याच्या डिसेंबरात ते भागत नाही, झाड खुरटून जाईल आणि तुम्हालाच वाईट वाटेल. पण एक सांगू? आपला पारिजातक लायलॅकच्याच कुळातला, मोगरा आणि जाईसुद्धा. पारिजातक लावा, भरपूर उन्हात, मुळाशी पाणी साचणार नाही अशा जागी. छाटणीचा नियम इथेही तोच, बहर संपल्यावर.

प्रश्न : ऑगस्टमध्ये लायलॅकच्या पानांवर पांढरी पावडर दिसते. औषध मारू?

उत्तर : ती भुरी, म्हणजे पानांवरची बुरशी, द्राक्षबागायतदारांच्या ओळखीची. लायलॅक त्यानं मरत नाही, फवारणीची गरज नाही. आतल्या गर्दीतल्या फांद्या जूनमध्ये विरळ करा, हवा खेळली की कमी होते, आणि पडलेली पानं गोळा करून टाका. नवीन लावणार असाल तर ‘मिस किम’ घ्या, बुटकी जात आहे, भुरी तिला फारशी धरत नाही.