लेक होमगार्डमध्ये जाऊ म्हणते

कराड तालुक्यातल्या एका आईचं पत्र आहे. मुलगी वीस वर्षांची, बीएच्या दुसऱ्या वर्षाला, पोलीस भरतीची तयारी करणारी. होमगार्डची जाहिरात आल्यापासून फॉर्म भरायचा हट्ट धरून बसली आहे. घरच्यांचं म्हणणं, ‘कायमचा पगार नाही, पेन्शन नाही, वर रात्रीचा बंदोबस्त. अभ्यास बुडाला तर?’

ताई, पत्रात तुम्ही दोनदा ‘होमगार्डची नोकरी’ असं लिहिलंय. गाठ तिथेच बसली आहे. होमगार्ड ही नोकरी नाहीच. डिसेंबर १९४६ मध्ये मुंबईत दंगलींच्या काळात पोलिसांच्या मदतीला नागरिकांचं हे दल उभं राहिलं, आणि त्याचं ब्रीद आजही ‘निष्काम सेवा’ हेच आहे. बोलावणं आलं की जायचं, जितके दिवस काम तितका भत्ता. २०२४ मध्ये तो दिवसाला ५७० वरून १०८३ रुपये झाला, ही चांगली गोष्ट. पण महिन्यात किती दिवस बोलावणं येईल याची खात्री नाही. त्या पैशावर घरखर्चाचा हिशेब मांडू नका.

मग जायचं कशाला? माझ्या मते तुमच्या मुलीने जरूर जावं. तीन वर्षांची सेवा पूर्ण केलेल्या होमगार्डांना राज्याच्या पोलीस भरतीत ५ टक्के जागा राखीव असतात. आज ती वीस वर्षांची आहे, म्हणजे तेविसाव्या वर्षी हातात प्रमाणपत्र. पोलीस शिपाई पदासाठी खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा २८ आहे. हाताशी भरपूर वेळ उरतो. पण त्या ५ टक्क्यांतही चुरस असते. मैदानी चाचणी आणि लेखी परीक्षा कुणालाच चुकत नाही, हे तिला आत्ताच सांगा.

आणि फॉर्म भरण्याआधी एक काम आजच करा. तिची उंची भिंतीला उभं करून, अनवाणी मोजा. होमगार्डला मुलींसाठी १५० सेंटिमीटर चालते, पोलीस शिपायाला १५५ लागते. मधल्या पाच सेंटिमीटरांत अडकलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. तीन वर्षं मन लावून सेवा केली आणि भरतीच्या मैदानावर मोजपट्टीनेच बाहेर काढलं. फार वाईट वाटतं. उंची बसत असेल तर मात्र तयारी वाया जात नाही. ८०० मीटर धावणं आणि गोळाफेक दोन्हीकडे आहे, पोलिसांत वर १०० मीटर येतं.

रात्रीच्या बंदोबस्ताची तुमची काळजी खरी आहे, मी ती उडवून लावणार नाही. गणेशोत्सव, नवरात्र, वारी, निवडणुका, या दिवसांत बारा-बारा तास उभं राहावं लागतं. कधी परजिल्ह्यातही पाठवतात. पण ताई, पोलीस झाल्यावर याहून वेगळं काय असणार आहे? माझ्याकडे येणारी एक विद्यार्थिनी विसर्जनाच्या रात्री चुकलेल्या एका लहानग्याला कडेवर घेऊन तीन तास त्याच्या आईला शोधत होती. सकाळी फोन करून म्हणाली, ‘सर, आता दुसरं काही करावंसंच वाटत नाही.’ दुसरीने वर्षभरात ओळखलं की गर्दीवर ओरडणं आपल्याच्याने होत नाही. ती समाजकार्याच्या पदवीकडे वळली. दोघींचंही भलं झालं, असं मी मानतो. पाच वर्षं अकादमीची फी भरून हे उशिरा कळण्यापेक्षा विसाव्या वर्षी कळलेलं बरं.

बीए मात्र सोडू देऊ नका. शिपायाला बारावी पुरते, पण पुढे फौजदार व्हायचं मनात आलं तर पदवी लागेल. आठवड्याची परेड सहसा जमून जाते. खरी ओढाताण होते ती सत्र परीक्षा आणि सणांचा बंदोबस्त एकत्र आले की. म्हणून परीक्षेचं वेळापत्रक लागताच त्याची प्रत पथकाच्या समादेशक अधिकाऱ्यांकडे अर्जासोबत द्यायची सवय तिने पहिल्या महिन्यापासून लावून घ्यावी.

तुम्ही स्वतः एकदा तिच्यासोबत तालुक्याच्या होमगार्ड कार्यालयात जाऊन या. तिथल्या जुन्या महिला होमगार्डना विचारा, रात्री ड्युटी संपल्यावर घरी कशा जाता, सोबत कोण असतं, भत्ता किती दिवसांनी हातात पडतो. त्यांची उत्तरं ऐकून मग दोघी मिळून ठरवा, आणि जमलं तर मला कळवा.