भिंतीपलीकडचा खोकला

प्रश्न : १९९३च्या भूकंपानंतर आमचं गाव नव्या जागी वसलं. रस्ते रुंद, घरं पक्की. तरी सासूबाई म्हणतात, ‘जुन्या गल्लीत अशी भीती वाटत नव्हती.’ मुलगा सांगतो, अमेरिकेत सरकार गरिबांना भाड्यासाठी व्हाउचर देतं, घर ज्यानं त्यानं शोधायचं. तिथली माणसं तरी निर्धास्त झाली का?
– एक वाचक भगिनी, औसा तालुका

उत्तर : ताई, बऱ्याच अंशी झाली. १९९४ पासून तिथं पाच शहरांत एक प्रयोग झाला. सरकारी चाळवजा वस्त्यांतल्या सुमारे ४,६०० कुटुंबांत चिठ्ठ्या टाकल्या. काहींना व्हाउचर मिळालं, पण अट अशी की घर गरिबी कमी असलेल्या भागातच घ्यायचं. त्यांतल्या निम्म्यांनाही ते वापरता आलं नाही. मुदतीत घर मिळणं सोपं नव्हतं. जी गेली, त्यांची कमाई काही वाढली नाही. बायकांचा जीव मात्र थाऱ्यावर आला. का, तर बहुतेकींनी नाव घातलं होतं तेच मुळी टोळ्या आणि नशेच्या धंद्यापासून लांब जायला.

तुमच्या सासूबाई गल्लीला भिऊन निघाल्या नव्हत्या, हा फरक बघा. मी उमरग्याकडची. आमचं माळवदाचं घर, दोन हात जाड दगडमातीच्या भिंती. ३० सप्टेंबरच्या पहाटे असल्याच भिंतींनी माणसं गाडली. तरी आई म्हणायची, पलीकडून जाऊबाईचा खोकला ऐकू आला की झोप लागते.

बावन्न गावं नव्यानं वसवली, आणि घरं दिली जमिनीच्या हिशेबानं. भूमिहीनाला २५० चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. कागदावर चोख! पण कुणाची भावकी कुठं, कुणाचा शेजार कुठं. आमच्याकडं वाटण्या आधीच झालेल्या, त्यामुळं काकू गेली तीन रस्ते पलीकडं. रात्री तिच्याकडं जायचं तर बॅटरी घेऊन, कुत्री हाकलत.

तेव्हा सासूबाईंना ‘आता घर मजबूत आहे’ हे सांगून उपयोग नाही, ते त्यांनाही कळतं. त्यांची जुनी शेजारीण कुठल्या ओळीत राहते ते विचारा आणि रात्री दोघींच्या बाजा एका ओसरीवर टाका. आमच्या काकांनी अंगणात पत्र्याचं शेड ठोकलं होतं. आई आणि काकू कैक वर्षं तिथंच झोपल्या, दोन्ही पक्क्या घरांना कुलूप लावून.