बाबा बारीक आहेत, रोज चालतात, तरी जेवणानंतरची साखर का चढते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाबा ५८ वर्षांचे, वजन ६० किलो, उंची पाच फूट सहा इंच. रोज पहाटे तळजाईच्या टेकडीवर पाऊण तास फिरतात, गोड जवळपास बंद. तरी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी चाचणी) ६.२ आणि रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी साखर १७८. आता आणखी काय सोडायचं?

सोडायचं काही नाही. मांड्या कमवायच्या आहेत आणि चालण्याची वेळ बदलायची आहे.

वजनकाटा इथे फसवतो, आणि हे पुण्याइतकं नीट क्वचितच कुठे अभ्यासलं गेलं असेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं पाहिली. बाळं सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच लहान. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने टिकलेली होती. कमी पडले होते ते स्नायू. मोठ्यांतही तेच: २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन या दोन डॉक्टरांचा शेजारी-शेजारी फोटो आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, पण चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बाबांचा बीएमआय २१ च्या आसपास येतो. त्यातला स्नायू किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

स्नायूला एवढं महत्त्व का? जेवणातली साखर साठवायची दोन मोठी कोठारं: यकृतात साधारण १०० ग्रॅम, स्नायूंत ३०० ते ५००. स्नायूंतली साखर पुन्हा रक्तात येत नाही, कारण त्यासाठी लागणारं एन्झाइम स्नायूंकडे नसतं. ती जागच्या जागीच वापरावी लागते. म्हणजे कोठार लहान असेल, किंवा दिवसभर बसून भरलेलंच राहिलं असेल, तर रात्रीच्या भाताची साखर रक्तात रेंगाळते. पहाटेच्या संथ चालण्यात मुख्यतः चरबी जळते, आणि मांडीतले जोरकस तंतू जवळजवळ कामालाच लागत नाहीत. वयाबरोबर आधी झिजतात ते हेच तंतू.

आता चांगली बातमी. स्नायूच्या पेशीत साखर आत घेणारं दार, म्हणजे ग्लुट-४, दोन प्रकारे उघडतं: इन्सुलिनने आणि स्नायू आकुंचन पावल्याने. पहिली वाट मंदावली तरी दुसरी बरीचशी शाबूत असते. म्हणून रात्री जेवून उठल्यावर १५–२० मिनिटांच्या आत, १५ मिनिटं भरभर चाला. शतपावलीची कल्पना अगदी बरोबर आहे, पण शंभर पावलं एका मिनिटात संपतात; मात्रा कमी पडते. पहाटेचं फिरणं आवडत असेल तर राहू द्या, पण त्यातली वीस मिनिटं कापून रात्रीकडे न्या.

बसल्या बसल्या टाच उचलण्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ते ह्यूस्टनच्या मार्क हॅमिल्टन यांच्या २०२२ च्या प्रयोगावरून आलेत. साखरेचं पेय दिल्यानंतर रक्तातली वाढ सुमारे निम्म्याने कमी झाली, हे खरं. पण त्यात माणसं मोजकी होती आणि पोटरीचा तो व्यायाम तासन् तास चालला होता. पाच मिनिटं टाच हलवून तो परिणाम मिळणार नाही.

ताकदीचं काम असं. १७–१८ इंच उंचीची खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर आडवे, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे. आधी चाचणी: पाच वेळा उठ-बस करायला १२ सेकंद किंवा जास्त लागली, तर पायांची ताकद कमी आहे असं धरा. मग एक दिवसाआड ८–१० उठ-बशांचे तीन सेट, मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. बसताना मनात तीन आकडे मोजत खाली यायचं. बहुतेक जण इथेच चुकतात: उठतात नीट आणि खुर्चीत धप्पकन पडतात, निम्मा व्यायाम वाया. उठताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही. बारा सहज जमल्या की पाठीवरच्या सॅकमध्ये दोन किलो तांदूळ. ओट्याला धरून उभ्याने टाचा उचलणंही त्याच दिवशी उरका.

पर्वती चढणं उत्तम, पण खरा ताण उतरताना येतो. मांडी लांबत लांबत भार पेलते, दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. असा दुखरा स्नायू एक-दोन दिवस साखर उलट कमी घेतो. म्हणून पहिल्याच रविवारी तीन फेऱ्या नकोत, एकीपासून सुरुवात. गुडघा दुखत असेल तर खुर्चीच बरी.

प्रथिनं ६० किलोला रोज ६०–७० ग्रॅम धरा. सकाळी पोहे आणि चहा म्हणजे जेमतेम ८–१० ग्रॅम. त्यात दोन अंडी किंवा ७० ग्रॅम पनीर घातलं की बारा ग्रॅमची भर पडते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच.

ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. व्यायामाने साखर ७० च्या खाली जाऊ शकते. डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल तर सॅकमधलं वजन वाढवण्याआधी तपासणी हवी.

मोजताना हात साबणाने धुवा, फळाचा रस बोटाला असला की आकडा खोटा येतो. दमछाक करणाऱ्या व्यायामानंतर लगेच मोजू नका, त्या वेळी यकृत साखर सोडतं. रक्ताच्या इतर चाचण्यांआधी तीन दिवस जड व्यायाम टाळा, नाहीतर सीपीके आणि एसजीओटी (स्नायूंतही असणारी एन्झाइम्स) वाढलेले दिसून घरात उगाच घबराट. एचबीए१सी तीन महिन्यांनीच करा, आणि सोबत हिमोग्लोबिन व बी१२ पाहा: लोह किंवा बी१२ कमी असलं तरी हा आकडा चढलेला दिसतो.