सॉफ्ट स्टार्टर बसवला, मग वेगळा ओव्हरलोड रिले कशाला?

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं डाइंग आहे. बॉयलरच्या आयडी फॅनची (धूर ओढून चिमणीत सोडणाऱ्या पंख्याची) मोटर 30 एचपी, प्लेटवर 40 अँपिअर. दिवाळीनंतर जुना स्टार-डेल्टा स्टार्टर काढून सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू सुरू करणारा इलेक्ट्रॉनिक स्टार्टर) बसवला. बायपास कॉन्टॅक्टर (पूर्ण वेग आल्यावर मोटरला सॉफ्ट स्टार्टर वगळून वीज देणारा स्विच) बाहेर आहे. स्टार-डेल्टातला ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा) मिस्त्रींनी टाकू दिला नाही. तोच आता मोटरच्या लाइनवर आहे, सेटिंग 23. सुट्टीनंतर सकाळी फॅन वेग घेता घेताच तो पडतो, म्हणजे ट्रिप होतो. पॅनेलवाला म्हणतो, सॉफ्ट स्टार्टरमध्ये ओव्हरलोड आहेच, हा काढा. मिस्त्री म्हणतात, काढलात तर एक दिवस मोटर जाईल. कोणाचं ऐकायचं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : मिस्त्रींचं ऐका, पण हा रिले असाच ठेवू नका.

आधी 23 चा हिशोब. स्टार-डेल्टात रिले बहुधा डेल्टाच्या आत, फेजमध्ये असतो. तिथे लाइनच्या 0.58 पटच करंट जातो, म्हणून 40 च्या मोटरला 23 बरोबर होतं. आता रिले लाइनवर आला, सेटिंग मात्र तेच राहिलं. सुरू होताना सॉफ्ट स्टार्टर तिप्पट करंट देत असेल तर 120 अँपिअर, म्हणजे सेटिंगच्या पाचपटीहून जास्त. त्यात हे जुने रिले बहुधा क्लास 10 चे, म्हणजे लवकर पडणारे असतात. पंख्याला वेग घ्यायला पंधरा-वीस सेकंद लागले, की तो पडणारच. सुट्टीनंतर जास्त पडतो, कारण थंड हवा जड असते आणि गरम धुरापेक्षा ती ओढायला पंख्याला जास्त ताकद लागते. डायल 40 पर्यंत जात नसेल तर रिले बदला. क्लास 20 चा, म्हणजे जरा उशिरा पडणारा घ्या आणि प्लेटवरच्या 40 वर लावा. पडतो म्हणून 45 वर नेऊ नका, हात जोडून सांगतो.

आता पॅनेलवाल्याचं म्हणणं. बायपास आतच असेल, मोटर एकच असेल आणि सॉफ्ट स्टार्टर पूर्ण वेळ करंट मोजत असेल, तर त्याचं बरोबर आहे. तुमचा बायपास बाहेर आहे, सगळी मेख तिथेच आहे. काही सॉफ्ट स्टार्टरना बायपाससाठी वेगळी टर्मिनल्स असतात, त्यामुळे बायपास लागल्यावरही करंट आतल्या सीटीमधूनच (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमधूनच) जातो. ती सोडून वायरमनने लाइनवरून थेट मोटरकडे बायपास जोडला असेल, तर आतला ओव्हरलोड आंधळा झाला. फॅन पूर्ण वेगात असताना टाँगटेस्टरने (वायरीभोवती धरायच्या चिमटा मीटरने) मोटरचा करंट मोजा आणि डिस्प्लेवरचा आकडा बघा. इकडे 34 आणि तिकडे शून्य दिसला तर मिस्त्रींना चहा पाजा.

गिरणीत देखभालीला असताना ह्युमिडिफिकेशनच्या पंख्यावर मी हेच भोगलं आहे. डिस्प्लेवर शून्य दिसायचं, आणि आम्हाला वाटायचं, बायपासमध्ये असंच असतं. पंख्याचं बेअरिंग धरू लागलं, मोटर पाळीभर जास्त करंट ओढत राहिली. फ्यूज मोठे, ते कशाला उडतील? वार्निशचा वास आला तेव्हा वाइंडिंग काळं पडलं होतं. तेव्हापासून बाहेरचा बायपास दिसला की मी आधी रिले शोधतो.

दुसरं कारण आपल्या सोलापूरचं. मे महिन्यात वळीव आला की वीज दहा वेळा जाते-येते. काही सॉफ्ट स्टार्टर कंट्रोल सप्लाय गेला की मोटर किती तापली होती तेच विसरतात आणि लगेच पुन्हा सुरू करू देतात. बायमेटल रिलेची (असे जुने रिले करंटने तापून वाकणाऱ्या पट्टीवर चालतात) पट्टी खरोखरच तापलेली असते. ती निवायला वेळ घेते, तेवढी उसंत मोटरलाही मिळते.

रिलेचा 95-96 कॉन्टॅक्ट (रिले पडला की उघडणारा) कुठे जोडलाय तेही बघा. नुसता सॉफ्ट स्टार्टरच्या स्टॉप कमांडला दिला असेल तर ते अर्धंच काम आहे. सॉफ्ट स्टार्टरमधला करंट सोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, थायरिस्टर, बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होतो. मग स्टॉप देऊनही करंट तुटत नाही. बायपास चिकटला तरी तेच. म्हणून हा कॉन्टॅक्ट सॉफ्ट स्टार्टरच्या आधी, सप्लायच्या बाजूला असलेल्या मेन कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्येही हवा. पॅनेलमध्ये मेन कॉन्टॅक्टरच नसेल तर आधी तो बसवून घ्या, रिलेचं नंतर बघू. रिले शॉर्ट सर्किटपासून वाचवत नाही, त्यासाठी फ्यूज वेगळे लागतातच.

सकाळी डॅम्पर (पंख्याच्या वाटेतली हवेची झडप) बंद ठेवून फॅन सुरू करा, वेग आल्यावर हळूहळू उघडा. नवा रिलेही पडला तर रिसेट दाबून पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा मेन स्विच) काढा, कुलूप लावा आणि पंखा हाताने फिरवून बघा, तो मोकळा फिरतोय का.