उघडलं ते आधी मिटव

तुझं पत्र वाचलं, पण उत्तर लिहायला बसलो ते फोटो पाहून. तुझी माझदा एमएक्स-५ चार स्टँडवर, इंजिन बाहेर. पुढच्या डाव्या चाकाचा हब काढलेला, मागचे ब्रेक-कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे) तारेने टांगलेले. डॅशबोर्ड अर्धा उचकटलेला, त्यातून वायरिंग लोंबतंय, आणि खाली प्लास्टिकच्या एका टबात सगळ्या गाडीचे नटबोल्ट एकत्र. एवढ्यावर तुझा प्रश्न काय, तर टर्बो घालू की १८०० सीसीचं इंजिन बसवू?

दोन्ही नको. पहिल्या पिढीच्या १६०० सीसी एमएक्स-५ मध्ये ११५ हॉर्सपॉवर असते आणि गाडीचं वजन हजार किलोच्या आत. ट्रॅक-डेला, म्हणजे आपली गाडी रेसट्रॅकवर पळवायच्या दिवसाला, तेवढं पुरतं. तुझं दुखणं वेगळं आहे. पाच कामं एकदम उघडी आहेत आणि मिटलेलं एकही नाही. एक काम उघडलं की ते मिटेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. हे मी पुढे इतक्यांदा म्हणणार आहे की तुला वीट येईल. येऊ दे.

चिकाटी ठेव वगैरे लिहीत नाही, ती तुझ्यात आहे. मागची सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारी चौकट) ज्या निगुतीने घासून रंगवली आहेस त्यावरून कळतं. फक्त ती रंगवायची आत्ता काही गरज नव्हती.

आधी तो टब. सस्पेन्शनचे बोल्ट दिसायला सारखे असतात, पण लांबी आणि बिनआट्यांचा भाग वेगवेगळा. चुकीचा बोल्ट बसतोही, टॉर्कही घेतो, आणि मग आटे जिथे नकोत तिथे भार झेलत बसतात. बोल्ट ठेवायची सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे त्याचं स्वतःचं भोक. पार्ट काढला की बोल्ट त्याच भोकात हाताने दोन आटे फिरवून ठेवायचा. जिथे ते जमत नाही तिथे पिशवी आणि चिठ्ठी. आता एक संध्याकाळ त्या टबापाशी बैस, दुसरं काही करू नकोस.

मग खालची बॉडी. खर्चाचा पुढचा नट विकत घेण्याआधी दाराखालच्या सिल मागच्या टोकाला, चाकाच्या कमानीपाशी, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघ. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला किंवा रंगाखाली फुगवटा लागला तर गंज आतून आलेला आहे. या गाडीत कापडी टपाचं पाणी सीटच्या मागच्या दोन कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली जातं. त्या पाल्याने आणि मातीने तुंबतात, पाणी सिलमध्ये उतरतं आणि पत्रा आतून खातं. नळ्या लवचिक प्लास्टिकच्या काडीने साफ कर. टोकदार तार घातलीस तर नळीच फाटेल. सिल कुजकी निघाली तर आधी वेल्डिंग, बाकी सगळं बंद. जॅक आणि सस्पेन्शनचा भार जिथे येतो तिथलाच पत्रा गेला तर वर टर्बो काय नि विमानाचं इंजिन काय.

इंजिन बाहेर काढलंसच आहेस, तर ते उघडायची खाज तुला सुटलेली असणार. उघडू नकोस. लीक-डाउन टेस्ट कर, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून ती किती गळते ते मोज. एकेक सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर) आण, फ्लायव्हील अडकवून ठेव (नाहीतर हवेच्या दाबाने क्रँक गर्रकन फिरतो आणि पाना बोटावर येतो) आणि गळती किती टक्के ते बघ. १० टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन छान आहे. २० च्या वर गेलं तर कान लाव. तेल भरायच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंगा, एक्झॉस्टच्या तोंडातून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, इनटेकमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, कूलंटच्या वाटेत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. चारही आकडे जवळजवळ सारखे आणि कमी आले तर हेडचा एकही बोल्ट सैल करायचा नाही. चांगलं चालणारं इंजिन 'आता बाहेर आहेच तर' म्हणून उघडणं हा या छंदातला सगळ्यात महागडा वाक्प्रचार आहे. अर्धवट पोर्टिंग केलेलं (हवेच्या वाटा घासून मोठ्या केलेलं) एक हेड माझ्याकडेही कापडात गुंडाळून ठेवलेलं आहे. त्याच्याबद्दल याहून जास्त बोलणार नाही.

इंजिन बाहेर असताना जे करायलाच हवं ते असं. क्रँकचं मागचं सील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग. टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप एकत्रच, कारण पंपापर्यंत पोचायला बेल्ट काढावाच लागतो. हेडच्या मागच्या टोकाला कॅम अँगल सेन्सरची ओ-रिंग आहे. ती कडक झाली की तेल थेंबथेंब मागे उतरतं, हीटरच्या होज पाइपवर पडतं आणि पाइप मऊ करतं. इंजिन गाडीत असताना तिथे हात जाता जात नाही. आत्ता पाच मिनिटांचं काम आहे. ओ-रिंगही बदल आणि ते दोन पाइपही.

आणि क्रँकचं नाक, म्हणजे पुली बसते ते पुढचं टोक, बघ. सुरुवातीच्या इंजिनांत ते आखूड होतं. पुढच्या पुलीच्या बॉसवर चार खाचा असतील तर आखूड नाक, आठ असतील तर नंतरचं लांब नाक. आखूड नाकावरचा पुलीचा बोल्ट कधी सैल राहिला असेल तर चावीची (पुली क्रँकवर अडवणाऱ्या छोट्या पट्टीची) खाच घासून रुंद होते, पुली डगमगते, टायमिंग सरकतं आणि गाडी विनाकारण मंद वाटते. चावी काढून खाचेच्या कडा नखाने चाचप. कडा सरळ हव्यात. गोलावलेल्या लागल्या तर मला आधी कळव, बोल्ट आवळून दडपू नकोस. ठीक असतील तर नवा बोल्ट आणि पुस्तकातला टॉर्क. अंदाजे नाही.

एवढं झालं की इंजिन आत. गाडीत बसलं, तेल भरलं, सुरू झालं, गळत नाही हे पाहिलं, की ते काम मिटलं. मगच ब्रेक. उघडलं ते आधी मिटव.

ब्रेकवर मी थोडा रेंगाळणार, कारण तू पत्रात त्यांना अर्धी ओळ दिली आहेस: 'ब्रेक स्टँडर्डच ठेवणार.' हिशोब करून बघ. हजार किलोची गाडी ताशी १६० वरून ८० वर आणायची म्हणजे सुमारे ७४० किलोज्यूल ऊर्जा उष्णता करून फेकायची. हवेचा रोध थोडी खातो, बाकी सगळी डिस्क आणि पॅडच्या वाट्याला. एवढ्या उष्णतेत दोन लिटरहून जास्त पाणी साध्या तापमानापासून उकळीला येतं. एका फेरीत असे चार-पाच ब्रेक, आणि सेशन वीस मिनिटांचं. रस्त्यावरचे पॅड तिसऱ्या-चौथ्या फेरीला हात टेकतात. पेडल कडक असतं पण गाडी थांबत नाही, तेव्हा पॅड गेले समज. पेडल स्पंजासारखं खाली गेलं तर ब्रेक ऑइल उकळलं. दोन वेगळी दुखणी आहेत, औषधं वेगळी.

ऑइलचं औषध सोपं आहे. डॉट ४ प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश, पण हवेतलं पाणी शोषून घेतल्यावर १५५ पर्यंत उतरू शकतो. डॉट ५.१ मध्ये तेच आकडे २६० आणि १८० आहेत. रेसिंगसाठीची ऑइलं नवी असताना ३०० च्या वर जातात, म्हणून ती घे, पण पाणी तीही ओढतात. दर ट्रॅक-डेच्या आधी ब्लीडिंग कर (नळ्यांतलं जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढ) आणि उघडलेली बाटली पुढच्या वेळेसाठी ठेवू नकोस. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते ५.१ चं भावंड नाही. ते बाकीच्या ऑइलांत मिसळायचं नाही.

पॅड ट्रॅकचे घे आणि नीट बसव. ताशी १०० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा, दरवेळी थोडा जास्त जोर देत, पण पूर्ण न थांबता. मग ब्रेक न लावता काही किलोमीटर फिरवून थंड कर. मध्येच पूर्ण थांबून पेडल दाबून ठेवलंस तर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि नंतर स्टीयरिंग थरथरतं. लोक त्याला डिस्क वाकली म्हणतात. बहुतेक वेळा वाकलेली नसते. याच कारणासाठी सेशन संपल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. गिअरमध्ये ठेवून चाकाला अडण लाव.

१६०० च्या पुढच्या डिस्क २३५ मिलिमीटरच्या आहेत, १८०० च्या २५५ च्या. ब्रॅकेटसकट त्या बसतात. हा बदल पुढच्या वर्षी हवा तर कर. त्याआधी मागचे ते टांगलेले कॅलिपर. यांची ॲडजस्टमेंट हाताने करावी लागते आणि निम्म्या लोकांना ते माहीतच नसतं. कॅलिपरच्या मागे एक झाकणाचा बोल्ट आहे, १४ चा पाना लागतो. तो काढला की आत ४ मिलिमीटरची ॲलन-की बसते. पॅड डिस्कला चिकटेपर्यंत घड्याळाच्या दिशेने फिरव आणि मग एक तृतीयांश फेरा मागे घे. चाक हाताने मोकळं फिरतंय ना बघ. हे न केल्याने पेडल लांब जातं आणि बिचारा मास्टर सिलिंडर विनाकारण बदलला जातो.

पुढच्या डाव्या हबचा नट नवाच घे. त्याची कड ठोकून खाचेत बसवलेली असते, जुनी कड परत त्याच जागी ठोकली तर तुटते. बेअरिंग हबसकट बंद येतं, ग्रीस भरून वाचवायच्या भानगडीत पडू नकोस.

सस्पेन्शन जोडताना एकच गोष्ट पक्की कर. रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. ढिले ठेव, गाडी चाकांवर उतरव, पुढे-मागे ढकलून बसू दे आणि मग टॉर्क दे. हवेत आवळलेस तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. खालच्या आर्मचे कॅमवाले (चाकाचा कोन बदलणारे) लांब बोल्ट बुशच्या नळीत गंजून बसलेले असतील तर नव्याने घालताना ग्रीस लाव, नाहीतर अलाइनमेंटवाला हात वर करेल. सुरुवातीला पुढे उणे अडीच अंशांच्या आसपास कॅम्बर (चाकाचा माथा आत कलणं), मागे अर्धा अंश कमी, पुढचा टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं) शून्य, मागचा किंचित आत. त्यानंतर कॅमवर रंगाची रेघ मार, म्हणजे सरकला तर दिसेल.

रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी काळी आहे की तपकिरी ते बघ. तपकिरी म्हणजे ठिसूळ, फेकून दे. खालचं प्लास्टिकचं आवरण तू फोटोत कडेला टाकलेलं दिसतंय. ते कचरा नाही. त्याच्याशिवाय हवा रेडिएटरमधून न जाता खालून निसटते. तेल दर सेशननंतर तपास आणि खुणेच्या वरच्या रेघेवर ठेव. तेलाचं पात्र लहान आहे, साडेतीन लिटरच्या आसपास. अर्धा लिटर कमी असेल तर लांब वळणावर तेल बाजूला चढतं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जातात.

गाडीला पक्का टप नाही, म्हणून रोल-बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी कमान). इतर सगळ्याच्या आधी खर्च तिथे. सीटवर हेल्मेट घालून बैस, बारच्या माथ्यापासून पुढच्या काचेच्या चौकटीच्या माथ्यापर्यंत सरळ काठी धर. हेल्मेट काठीच्या खाली राहायला हवं. राहत नसेल तर सीट खाली घे. बार नसताना चार किंवा सहा पट्ट्यांचा हार्नेस कधीही नाही. तो तुला सरळ बांधून ठेवतो आणि गाडी उलटली तर भार मानेवर येतो. हेल्मेट स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेच्या एसए मानकाचं घे. मोटारसायकलच्या एम मानकात आगीची चाचणी नसते. बॅटरी डिकीत आहे, तिची पट्टी आणि वाफेची नळी जागेवर हवी.

आता टर्बो. टर्बो म्हणजे एक पार्ट नाही. या १६०० ला हवा मोजायला झडपेचा मीटर आहे, तो पुरत नाही, म्हणून ईसीयू (इंजिनाचा संगणक). ईसीयू म्हणून इंजेक्टर. ताकद वाढली म्हणून क्लच. १६०० चा डिफरेन्शियल ६ इंची, तो दात टाकतो, म्हणून १८०० चा ७ इंची. उष्णता वाढली म्हणून रेडिएटर आणि ऑइल कूलर. वेग वाढला म्हणून पुन्हा ब्रेक. सात कामं एकदम उघडी. तू पाचात अडकला आहेस. १८०० च्या इंजिनाची साखळी थोडी आखूड, पण साखळीच. लोक मला विचारतात की अजून मूळ इंजिनावरच का, आणि त्या विचारण्यात काय असतं ते मला कळतं. माझं उत्तर एवढंच की सेशनची शेवटची फेरी पहिलीसारखीच निघते आणि गाडी चालवत घरी येते. हे ज्याला कंजूषपणा वाटतं त्याला वाटू दे.

ट्रॅकवर गेल्यावरही नियम तोच. दोन सेशनमध्ये एकच बदल. टायरमधली हवा बदललीस तर डॅम्परला (शॉक ॲब्सॉर्बरला) हात नाही. थंड असताना २६ पीएसआयने सुरू कर, आत आल्या आल्या गरम आकडा मोज, चारही चाकांचा वेगळा, आणि वहीत लिही. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी कशाने सुधारली ते कळत नाही आणि कशाने बिघडली तेही नाही. चाकांचे नट १०० न्यूटन-मीटरच्या आसपास, पहिल्या सेशननंतर चाकं निवली की पुन्हा तपास.

तर आज टब. उद्या सिल ठोकून बघणं. मग लीक-डाउन. पुढच्या पत्रात चार सिलिंडरचे चार आकडे लिही आणि क्रँकच्या नाकाचा जवळून फोटो पाठव, उजेड बाजूने पडू दे म्हणजे खाचेची कड दिसेल. टर्बोच्या जाहिराती पाठवू नकोस, मी उघडणार नाही.