स्वतःला 'दे' (they) म्हणवणाऱ्या लेकराशी मराठीत कसं बोलायचं?

परदेशातल्या शाळेत स्वतःसाठी 'ही' (he) किंवा 'शी' (she) ऐवजी 'दे' (they) हे इंग्रजी सर्वनाम वापरणारं मूल घरी आलं की खरी अडचण येते ती मराठीची. इंग्रजीत सर्वनाम बदललं की भागतं. आपल्याकडे 'दमलास' की 'दमलीस' हे क्रियापदच सांगून टाकतं. पालक अडतात व्याकरणावर, आणि मुलाला वाटतं, आपलं म्हणणं यांना मान्यच नाही.

आधी शब्द. जन्मतः शरीरावरून नोंदतात ते लिंग. स्वतःला आतून जाणवतो तो लिंगभाव. तो 'स्त्री' किंवा 'पुरुष' यांपैकी एकात पुरता बसत नसेल, तर माणूस नॉनबायनरी. ज्यांचा लिंगभाव बदलता असतो ते जेंडरफ्लुइड, ज्यांना तो जाणवतच नाही ते एजेंडर. इंटरसेक्स, म्हणजे जन्मतः शरीर स्त्री-पुरुषाच्या ठरावीक साच्यात न बसणं, ही शरीररचनेची बाब, आणि आकर्षण कोणाबद्दल वाटतं तो लैंगिक कल, दोन्ही निराळे. 'म्हणजे तृतीयपंथी का?' हा प्रश्नही टाळा, त्या समाजाची स्वतःची वेगळी परंपरा आहे. आणि नॉनबायनरी असणं हा आजार नाही, त्यामुळे मूल 'बरं' करणारा डॉक्टर शोधू नका.

आता बोलणं. मराठीत सोयी भरपूर आहेत, फक्त लक्ष द्यावं लागतं. भविष्यकाळात लिंग दिसत नाही: 'कधी येशील?', 'जेवशील ना?' आज्ञार्थातही नाही: 'ये, बस.' 'तुला' घालून वाक्य फिरवा: 'दमलास का?' ऐवजी 'तुला थकवा आलाय का?' भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे चालतं तिथेही प्रश्न मिटतो: 'चहा घेतलास?', 'पोळी खाल्लीस?' हे कोणालाही चालतं. इतरांशी बोलताना 'माझं लेकरू', 'माझं मूल', धाकट्याला 'तुझं भावंड'. हे शब्द मुळातच नपुंसकलिंगी आणि मायेचे आहेत.

'ते' वापरताना मात्र जपून. 'ते आले, त्यांना सांग' हे आदरार्थी अनेकवचन बहुतेकदा चालतं. 'ते आलं' मोठ्या माणसाला वस्तूसारखं वाटू शकतं. काहींना तेच आवडतं, तेव्हा विचारूनच ठरवा. मूल स्वतः कधी 'मी जातो', कधी 'मी जाते' म्हणालं तर हटकू नका.

सवय लागते ती मूल समोर नसताना. आईबाबा आपसांत जुनंच बोलत राहिले, तर समोर हमखास चुकतं. चुकलं की तेवढा शब्द सुधारून वाक्य पुरं करा. लांबलचक माफी मागितली की उलट मुलालाच तुमची समजूत काढावी लागते.

भारतातल्या आजी-आजोबांना, मावशी-काकांना सांगण्याआधी मुलाची परवानगी घ्या: कोणाला सांगायचं, कोणतं नाव वापरायचं, फोनवर की भेटीत. 'अजून नको' म्हणालं तर नको.

प्रवासाचं तिकीट पासपोर्टवरच्याच नावाने आणि लिंगाच्या नोंदीने काढा, घरी नाव बदललं असलं तरी. कॅनडाच्या पासपोर्टवर २०१९ पासून लिंगाच्या रकान्यात स्त्री किंवा पुरुष याऐवजी 'एक्स' (X) ही नोंद मिळते, ब्रिटनच्या मिळत नाही. त्यामुळे परिचितांचा अनुभव ऐकून अर्ज भरू नका, आपल्या देशाचा नियम पाहा.